दिवसाला ४ स्वॅब, २८ दिवस

२०१३ च्या सुरुवातीला काही महिने आमच्या फ्रीजमध्ये एक झाकणाचा डबा असायचा, आणि त्यात झिपच्या पिशवीत बारकोड चिकटवलेल्या बोटभर लांबीच्या नळ्या. कुणी जेवायला येणार असलं की बायको तो डबा उचलून खालच्या भाजीच्या कप्प्यात मेथीच्या जुडीमागे सरकवायची. त्या नळ्यांमध्ये माझे स्वॅब होते. दिवसाला ४, म्हणजे आठवड्याला २८, आणि आठवडा संपला की मी ते घेऊन सिएटलमधल्या एका रिसर्च क्लिनिकमध्ये जायचो. एवढी वर्षं हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आता लिहितोय कारण मराठीत हर्पिसवर शोधलं की एक तर घाबरवणारं काहीतरी मिळतं, नाहीतर सात दिवसांत मुळापासून बरं करतो म्हणणाऱ्या काढ्यांच्या जाहिराती, आणि नव्या औषधाची चाचणी आतून कशी असते हे सांगणारं तर मला काहीच सापडलं नाही.

मला हर्पिस सिम्प्लेक्स टाइप २ आहे. गुप्तांगावरचा. आधी एक घोळ दूर करतो, आपल्याकडे हर्पिस म्हटलं की लोकांना नागीण आठवते, कमरेभोवती विळखा घातला की माणूस मरतो वगैरे. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर, तो कांजिण्यांचा व्हायरस, लहानपणी आलेल्या कांजिण्या पुढे कधीतरी नागीण होऊन बाहेर येतात. सिम्प्लेक्स हा त्याच घराण्यातला पण वेगळा. त्याचे दोन प्रकार आहेत, टाइप १ मुख्यतः ओठांवर, तापानंतर ओठाच्या कडेला जो फोड येतो आणि आई म्हणायची की ताप बाहेर पडला, तो बहुतेक वेळा हाच असतो. टाइप २ मुख्यतः खाली. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे की १५ ते ४९ वयाच्या जवळपास ५२ कोटी लोकांना टाइप २ आहे, आणि यातल्या बहुतेकांना ते माहीतच नाही.

मला २००८ मध्ये कळलं, पुण्यात. लग्नाआधीचं एक नातं होतं, ते संपून वर्ष होत आलं होतं. ताप, जांघेत गाठी, लघवी करताना डोळ्यांत पाणी यायचं इतकी आग. ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी तपासायला एक मिनिट घेतलं आणि माझ्या चारित्र्यावर बोलायला दहा मिनिटं. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, आता लग्नाचा विचार सोडा. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली.

पण लग्न झालं. स्थळ साइटवरूनच आलेलं, तिसऱ्या भेटीत कर्वे रोडवर कॉफी प्यायला बसलो होतो तेव्हा मी सांगून टाकलं, कारण पुढे जाऊन सांगणं म्हणजे फसवणं झालं असतं. ती बी.फार्म. झालेली. तिने दोनच प्रश्न विचारले, टाइप कुठला आणि असायक्लोव्हिर घेतोस की व्हॅलासायक्लोव्हिर, म्हणजे हर्पिसच्या दोनपैकी कुठली गोळी. मग चार दिवस तिचा फोन नाही. पाचव्या दिवशी आला. म्हणाली मी वाचलं सगळं, हे सांभाळता येण्यासारखं आहे, घरच्यांना काही सांगायची गरज नाही. २०१० ला लग्न, २०११ ला माझ्या कंपनीने सिएटलला पाठवलं. ती डिपेंडंट व्हिसावर, त्या काळी त्यावर नोकरी करता यायची नाही, म्हणजे शिकलेली बाई घरात बसून, आणि वाचायला भरपूर वेळ.

आमचा खरा प्रश्न मुलाचा होता. तिची रक्ततपासणी निगेटिव्ह होती आणि ती निगेटिव्हच राहायला हवी होती. याचं कारण नीट सांगतो, कारण बऱ्याच जोडप्यांना हे उलटं वाटतं. बाईला आधीपासून हर्पिस असेल तर तिच्या शरीरात अँटिबॉडी तयार असतात, त्या बाळालाही मिळतात, आणि बाळंतपणात बाळाला लागण व्हायचा धोका १ टक्क्याच्याही खाली असतो. पण तिला आधी नव्हता आणि गरोदरपणाच्या शेवटच्या काळात नवऱ्याकडून पहिल्यांदाच झाला तर मात्र धोका ३० ते ५० टक्क्यांवर जातो, आणि नवजात बाळाचा हर्पिस म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा, जीव घेऊ शकणारा आजार. म्हणजे तिला नसणं ही चांगलीही गोष्ट होती आणि तीच जोखीम पण होती.

मी तेव्हा रोज व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम घेत होतो. बायकोने एका संध्याकाळी २००४ सालचा एक अभ्यास माझ्यासमोर ठेवला, लॅरी कोरी आणि सहकाऱ्यांचा. १४८४ जोडपी, एकाला टाइप २ आहे आणि दुसऱ्याला नाही अशी, आठ महिने. अर्ध्यांना रोज हीच गोळी, अर्ध्यांना नुसती खोटी. गोळीवाल्यांत ७४३ पैकी १४ जोडीदारांना लागण झाली, खोट्या गोळीवाल्यांत ७४१ पैकी २७ जणांना. म्हणजे धोका साधारण निम्म्यावर येतो. ती म्हणाली, बघ ना, निम्म्यावर. आणि बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. निम्मा म्हणजे खूपच आहे, नाही असं नाही, पण आपल्या बाळाच्या बाबतीत निम्मा हा शब्द पुरा पडत नाही.

निम्माच का, तर हा व्हायरस फोड नसतानाही बाहेर येतो. मणक्याच्या खालच्या टोकाशी मज्जातंतूंच्या गाठी असतात त्यात तो झोपून असतो, मधूनच जागा होतो, तंतूंवरून खाली कातडीपर्यंत येतो, आणि फोड न उठवता काही तासांत नाहीसा होतो. याला शेडिंग म्हणतात. सिएटलच्याच संशोधकांनी पूर्वी लोकांकडून दिवसाला ४ वेळा स्वॅब घेऊन पाहिलं होतं, जवळपास निम्म्या वेळा हे येणंजाणं १२ तासांच्या आतच आटोपतं. दिवसातून एकदा स्वॅब घेतला तर ते हातातून निसटतं. म्हणून ४ वेळा.

क्लिनिकची जाहिरात तिनेच शोधली. टाइप २ चा त्रास वर्षातून ४ ते ९ वेळा होणारे, बाकी धडधाकट असे लोक हवे होते. मला पाच-सहा वेळा व्हायचा. औषधाचं नाव प्रिटेलिव्हिर. मूळ रेणू जर्मनीत बायर कंपनीत सापडलेला, आता दुसरी एक जर्मन कंपनी पुढे नेत होती.

हे औषध नवीन का, ते बायकोने मला स्वयंपाकघरात कणीक मळता मळता समजावलं आणि तेच मला अजून लक्षात आहे. असायक्लोव्हिर १९७० च्या दशकातलं, गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतलं, त्यांना १९८८ ला नोबेल मिळालं. त्याची करामत अशी की व्हायरसचं स्वतःचं एक एन्झाइम आहे, तेच या गोळीला चालू करतं, म्हणजे जिथे व्हायरस आहे त्याच पेशीत औषध जागं होतं आणि व्हायरसच्या डीएनएच्या साखळीत खोटी कडी होऊन बसतं, साखळी पुढे वाढत नाही. व्हॅलासायक्लोव्हिर म्हणजे तेच, फक्त पोटातून जास्त चांगलं शोषलं जाणारं. म्हणजे इतकी वर्षं सगळ्या गोळ्यांची युक्ती एकच. प्रिटेलिव्हिर वेगळ्याच जागी हात घालतं. डीएनए म्हणजे पीळ घातलेला दोर, नक्कल काढायची तर आधी पीळ सोडवायला हवा, ते काम व्हायरसचं हेलिकेज-प्रायमेज नावाचं यंत्र करतं, आणि हे औषध त्या यंत्रालाच धरून ठेवतं. शिवाय ते व्हायरसने चालू करायची वाट बघत नाही, पेशीत आधीपासून तयार असतं, आणि अंगात बराच काळ टिकतं.

पहिल्या भेटीला संमतीपत्र दिलं, कितीतरी पानांचं. तिथल्या कोऑर्डिनेटर बाई, वयाने साठीच्या आसपास असतील, म्हणाल्या घरी न्या, वाचा, खुणा करा, घाई नाही. तेच दिवस होते जेव्हा आपल्याकडे सुप्रीम कोर्टात क्लिनिकल ट्रायल्सवरून केस गाजत होती, २०१३ च्या जानेवारीत, माणसांवर न सांगता-सवरता औषधं तपासली जातात म्हणून, आणि मी सकाळी मराठी पेपर ऑनलाइन वाचायचो तर त्यात हेच, आणि टेबलावर माझं संमतीपत्र. मला भीती वाटली हे सरळ सांगतो. बायकोने पेन्सिल घेऊन अख्खं वाचलं, चौदा ठिकाणी प्रश्नचिन्हं काढली, आणि पुढच्या भेटीला माझ्याबरोबर येऊन सगळे चौदा प्रश्न विचारले. त्या बाईंनी एकेकाचं उत्तर दिलं, दोन ठिकाणी डॉक्टरांना बोलावून घेतलं. प्राण्यांवरचे अभ्यास अजून चालू आहेत का हा तिचा एक प्रश्न होता. हो, चालू आहेत, आणि काही निघालं तर तुम्हाला लगेच सांगू, असं उत्तर मिळालं. हे उत्तर पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

एक प्रश्न मात्र कागदावर नव्हता, तो आम्ही घरी एकमेकांना विचारला. चाचणी चालू असताना आणि नंतरही काही काळ मूल होऊ द्यायचं नाही अशी अट होती, औषध नवीन, त्यामुळे ते योग्यच. ती ३२ ची होती. दोन्हीकडच्या आयांचे फोन दर रविवारी, काही विशेष? ती म्हणाली, सहा-आठ महिने काही जास्त नाहीत, तू जा. ही तिची बाजू कुठल्याच फॉर्मवर लिहायला जागा नव्हती.

मग रक्त. टाइप २ पक्का आहे हे वेस्टर्न ब्लॉट तपासणीने बघितलं. (इथे एक सांगून ठेवतो, आपल्याकडे अजून लॅबवाले हर्पिसची आयजीएम नावाची अँटिबॉडी तपासणी करतात आणि लोक तो रिपोर्ट घेऊन रात्र रात्र जागतात. आयजीएम टाइप १ आणि २ नीट वेगळे करू शकत नाही, नवीन की जुना तेही धड सांगत नाही. करायचीच तर प्रकार वेगळा दाखवणारी आयजीजी करा, आणि तिचा आकडा काठावरचा असेल तर लगेच विश्वास ठेवू नका.) मग रोजची गोळी बंद करायला सांगितली, अंगातून जुनं औषध निघून जायला हवं. बंद केली आणि नवव्या दिवशी फोड आले. चार वर्षांत इतका वाईट त्रास झाला नव्हता. त्या आठवड्यात मी पाहुण्यांच्या खोलीत झोपलो.

रचना अशी होती. पहिले २८ दिवस एक औषध, मग २८ दिवस काहीच नाही, मग २८ दिवस दुसरं. दोनपैकी एक प्रिटेलिव्हिर रोज १०० मिलिग्रॅम, एक व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम, आधी कुठलं हे ना मला माहीत ना तिथल्या डॉक्टरांना. हे मला फार आवडलं. खोट्या गोळीशी नाही तर सध्या चालू असलेल्या चांगल्यातल्या चांगल्या गोळीशी लढत, आणि एकाच माणसाच्या अंगात दोन्ही, म्हणजे माझी तुलना माझ्याशीच.

स्वॅब घ्यायचा प्रकार त्या बाईंनी प्लास्टिकच्या मॉडेलवर दाखवला, जराही न लाजता, आणि त्यामुळे माझीही लाज निम्मी गेली. कापसासारख्या टोकाची काडी, ती आधी पुढच्या सगळ्या भागावर, मग मागे गुदद्वाराभोवती, नीट दाबून फिरवायची, नळीतल्या पाण्यासारख्या द्रावात टोक बुडवायचं, काडी तोडायची, झाकण घट्ट, लेबलवर तारीख आणि वेळ. काही दिसत नसलं तरी. दुखत असलं तरी. सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६, रात्री झोपताना. शिवाय डायरी, आज फोड आहे का, खाज आहे का, गोळी किती वाजता घेतली.

सकाळ-संध्याकाळचं काही नाही, दुपारचा स्वॅब हाच खरा त्रास. ऑफिसमधलं टॉयलेट, खिशात काडी आणि नळी, बाहेर कुणी हात धुतंय, नळीचं झाकण उघडताना टक् असा आवाज यायचा आणि मला वाटायचं तो अख्ख्या मजल्याला ऐकू गेला. १२ ची मीटिंग लांबली की मी अस्वस्थ. एकदा मॅनेजरने विचारलं की तब्येत ठीक आहे ना, मी म्हणालो डायबेटिसची तपासणी चालू आहे. खोटं बोललो. डायबेटिस असता तर खरं बोललो असतो, हे मला त्या दिवशी फार लागलं.

तिसऱ्या आठवड्यात मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो होतो, नाटक होतं, मध्यंतरात सगळे बटाटेवड्यांच्या रांगेत आणि मी शाळेच्या टॉयलेटमध्ये. बाहेर आलो तर बायको माझा वडा कागदात गुंडाळून घेऊन दाराशी उभी. किती वाजले ते तिने लेबलसाठी लिहून ठेवलं होतं, तळहातावर, पेनाने. ६.१०.

पहिल्या २८ दिवसांत मला काहीही झालं नाही. एक फोड नाही, खाज नाही, मांडीत ती ओळखीची झिणझिण नाही. मला खात्री झाली की हेच नवीन औषध आहे. मी बायकोला पैजेवर सांगितलं. ती म्हणाली तुला वाटणं आणि नळीत निघणं यात फरक आहे म्हणून तर नळ्या भरतोयस.

मग मधले २८ दिवस, काहीही औषध नाही. विसाव्या दिवसाच्या सुमाराला एकदा फोड आले, लहान. मग दुसरी पाळी सुरू झाली, वेगळी बाटली, पण बाहेरून तसंच सगळं.

अकराव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी पार्किंगमध्ये होतो. कोऑर्डिनेटर बाई म्हणाल्या, आजची गोळी घेतली का? म्हटलं सकाळीच. म्हणाल्या, उद्यापासून घेऊ नका, राहिलेल्या गोळ्या परत आणा, आणि या आठवड्यात रक्त द्यायला या. मग त्यांनी कारण सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. माकडांवर जो विषारीपणाचा अभ्यास समांतर चालू होता त्यात त्वचेत आणि रक्तात काही बदल दिसले, त्यांचा अर्थ लागत नाहीये, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने चाचणीवर स्थगिती आणली आहे. माणसांमध्ये असं काही दिसलेलं नाही, पण थांबायचं.

घरी येईपर्यंत मी शर्टाची बाही वर करून दर सिग्नलला हात बघत होतो. बायकोने माझी पाठ, मान, डोकं सगळं दिव्याखाली तपासलं, केस बाजूला करून करून. काही नव्हतं. मग ती खाली बसली आणि रडली, आणि मला आधी वाटलं की घाबरून रडतेय पण ती म्हणाली, मी एवढे महिने मोजत होते रे. मूल, म्हणजे. ते महिने फुकट गेले असं तिला वाटलं आणि मलाही वाटलं, तेव्हा.

रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. पुढे काही महिने बोलावून बघत राहिले, प्रत्येक वेळी चांगलेच. आणि सगळं बंद झाल्यावर एक दिवस मला माझा निकाल सांगितला. मी पैज हरलो होतो. पहिलं औषध जुनंच होतं, व्हॅलासायक्लोव्हिर. आणि त्या २८ दिवसांतल्या ११२ स्वॅबपैकी ७ मध्ये व्हायरस सापडला होता. ज्या दिवसांत मला काहीही झालं नव्हतं, डायरीत मी ठामपणे नाही, नाही, नाही लिहिलं होतं, त्याच दिवसांत. एक तर मंडळाच्या नाटकाच्या दिवसाचा, ६.१० चा. दुसऱ्या पाळीत, नव्या औषधावर, ११ दिवसांतल्या ४४ पैकी एकातही नाही.

मला ४४ चा आनंद झाला आणि ७ चा धक्का बसला, पण त्या बाईंनी लगेच सांगितलं, एका माणसाच्या ४४ नळ्यांवरून काहीही सिद्ध होत नाही, नशीबही असू शकतं. हे बरोबरच आहे. म्हणूनच इतरांच्या नळ्या लागतात.

ते सगळं २०१६ च्या डिसेंबरमध्ये जामा या जर्नलमध्ये छापून आलं. अमेरिकेतली ४ केंद्रं, ९८ जण घ्यायचे ठरलेले, ९१ घेऊन झाले तोवर थांबवलं, दोन्ही पाळ्या पूर्ण करू शकलेले फक्त ५६. मी त्या ५६ मध्ये नाही. पण अर्धवट राहिलेल्यांचे स्वॅबही मोजले गेले होते. प्रिटेलिव्हिरवर ७२७६ स्वॅब, त्यातले १७३ पॉझिटिव्ह, २.४ टक्के. व्हॅलासायक्लोव्हिरवर ७४५३ स्वॅब, ३९२ पॉझिटिव्ह, ५.३ टक्के. म्हणजे आधीच चांगल्या असलेल्या गोळीच्याही निम्म्याहून कमी. दुष्परिणाम दोन्हीकडे साधारण सारखेच. आम्ही दोघं ते टेबल लॅपटॉपवर वाचत होतो, मुलगी मांडीवर झोपलेली, आणि बायकोने ३९२ वर बोट ठेवलं आणि म्हणाली यात आपले ७ आहेत. मग ७२७६ वर बोट ठेवलं, यात आपले ४४. आपले म्हणाली ती. त्या दिवसानंतर मी कधी फुकट गेलं म्हटलेलं नाही.

हो, मुलगी. २०१५ च्या जूनची. परत रोजची गोळी सुरू केली, कंडोम वापरत राहिलो, फक्त महिन्यातले ते दोन-तीन दिवस सोडून, मला काडीचीही झिणझिण असली तर तो महिना सोडून द्यायचा. आणि पोटात बाळ आल्यावर शेवटचे तीन महिने काहीच नाही. तिच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं, त्यांनी शांतपणे लिहून घेतलं. ३४ व्या आठवड्यात रक्त तपासलं, निगेटिव्ह. बाळंतपण नॉर्मल. मला ७ नळ्यांचं माहीत नसतं तर मी डायरीतल्या त्या नाही, नाही वर विसंबून राहिलो असतो, हे मनातून जात नाही.

औषधाचं पुढे काय झालं ते मी बघत असतो. प्रिटेलिव्हिर आमच्यासारख्या धडधाकट लोकांसाठी पुढे सरकलं नाही, पण ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, अवयव बदललेले, बोन मॅरो बदललेले, आणि ज्यांच्यावर असायक्लोव्हिर चालेनासं झालंय, त्यांच्या जखमा महिनोन्महिने भरत नाहीत, त्यांच्यासाठी त्याच्या चाचण्या चालू राहिल्या, आणि २०२० मध्ये एफडीएने त्याला ब्रेकथ्रू दर्जा दिला, म्हणजे मंजुरीपर्यंतचं काम लवकर पुढे न्यायचा. त्या लोकांना गरजही आमच्यापेक्षा जास्त. याच जातीचं दुसरं एक औषध, अमेनामेव्हिर, जपानमध्ये २०१७ पासून नागिणीसाठी मिळतं आणि २०२३ पासून परत परत येणाऱ्या सिम्प्लेक्ससाठीही. आणि आता एबीआय-५३६६ म्हणून एक येतंय, आठवड्यातून एकदाच घ्यायचं, २०२५ मध्ये सुरुवातीचे निकाल आले, थोड्याच लोकांवरचे, त्यात डोसच्या एका प्रमाणाला शेडिंग खोट्या गोळीच्या तुलनेत ९४ टक्के कमी झालं. आकडा वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. पण मला माकडांचा फोन आठवतो, म्हणून मी मोठ्या चाचणीची वाट बघणार.

भारतातल्या कुणाला अशा चाचणीत जायचं असेल तर सीटीआरआय म्हणून सरकारी रजिस्ट्री आहे, २००९ च्या जूनपासून प्रत्येक चाचणी तिथे नोंदवणं सक्तीचं आहे, आधी तिथे नाव शोधा. नोंद नसेल तर जाऊ नका. आणि संमतीपत्र घरी न्यायला देत नसतील तरी जाऊ नका. बरोबर कुणीतरी न्या, ज्याला प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही असं.

मागच्या महिन्यात मी परत एका क्लिनिकला फोन केला. नव्या चाचण्यांसाठी नावं नोंदवून घेताय का विचारायला. तरुण मुलगा होता फोनवर, त्याने विचारलं वर्षाला किती वेळा त्रास होतो. म्हटलं आता एखाद्या वेळीच, वयाबरोबर कमी होत गेलाय. म्हणाला मग तुम्ही बसणार नाही, जास्त वेळा होणारे लागतात. म्हटलं ठीक आहे, तरी नंबर ठेवून घ्या. बायको शेजारी मुलीची वेणी घालत बसली होती, आता ती इथे हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. तिने हातातलं रबर बँड दातात धरलं आणि खुणेने थांब म्हणाली, मग रबर काढून म्हणाली, माझाही नंबर दे. निगेटिव्ह जोडीदारही लागतात त्यांना कधीकधी.